मूर्तीला पॉलिथिन, पोराला रुमाल

हमरापूर, जोहे, कळवे आणि पेण शहरातल्या सर्व गणपती कारखानदारांना खुले पत्र

मंडळी, सप्रेम नमस्कार.

दिवाळी उरकली. कुणी साचे धुऊन ठेवलेत, कुणाच्या शेडमध्ये पहिल्या मूर्ती सुटायलाही लागल्यात. बोटीने बाहेर जाणारा माल ज्यांच्याकडे आहे त्यांना आत्तापासूनच घाई. बाकी आपल्याला होळीपर्यंत थोडी उसंत असते, म्हणून हे पत्र आत्ता लिहितोय. आषाढात लिहिलं असतं तर तुम्ही वाचलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मीही लिहिलं नसतं.

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्रीचे अकरा वाजत आले होते, बाहेर धो धो पाऊस, शेडच्या तिन्ही बाजूंना ताडपत्री सोडलेली. मी आणि आमची ही, दोघं तयार मूर्तींना पॉलिथिन गुंडाळत होतो. चार पावलांवर एक पोरगा कच्च्या मूर्तीला पॉलिश पेपर मारत बसला होता. वय एकोणीस. भुवया, पापण्या, कानावरची लव, सगळं पांढरं. तोंडाला रुमाल, तोही नाकाखाली घसरलेला. त्याने मूर्तीवर फुंकर मारली, धुळीचा लोट आमच्याकडे आला आणि मी खेकसलो, "अरे, इकडे नको उडवू, रंग ओला आहे!"

"हो शेठ," म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. आता त्याची सगळी धूळ भिंतीवर आपटून त्याच्याच तोंडावर. हिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. पॉलिथिनचा रोल तिच्या हातात तसाच होता.

मी काही अचानक शहाणा होऊन तुम्हाला शिकवायला आलेलो नाही. तेराव्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत याच कामाला लागलो, तेव्हा रुमालही नव्हता. गेली बावीस वर्षं माझी स्वतःची शेड आहे, हंगामात अकरा माणसं असतात. बावीस वर्षांत मी साच्याचं रबर बदललं, कंप्रेसर बदलले, आखणीसाठी, म्हणजे डोळे-भुवया रंगवायला, चांगले दिवे लावले. माणसं श्वास कशात घेतात याकडे मात्र त्या रात्रीपर्यंत माझं नीट लक्ष गेलं नव्हतं.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते आमचे मास्तर शाडूतले मोठे कारागीर. पन्नाशी ओलांडली आणि खोकला सुरू झाला. आधी दमा म्हणून औषधं, मग टीबी म्हणून. गुण कशानेच आला नाही. ते धुळीनेच गेले असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, कारण विडीही ओढायचे. पण तुम्ही काम काय करता, हे त्यांना एकाही डॉक्टरने विचारलं नव्हतं, एवढं मला ठाऊक आहे. छातीचा फोटो काढायला त्यांच्याबरोबर मीच जायचो.

आता पीओपीच्या, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसच्या, वादाचं बोलतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची पीओपी मूर्तींवर बंदी आणणारी २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं आली तेव्हापासून आपण मोर्चे काढले, मंत्र्यांना भेटलो, कोर्टात गेलो. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला वाट मोकळी केली आणि नैसर्गिक पाण्यात विसर्जन नको म्हणून सांगितलं. यातल्या बऱ्याच बैठकांना मी हजर होतो. प्लास्टर पाण्यात विरघळतं का, माशांचं काय होतं, आपल्या पोटाचं काय होणार, सगळं बोलून झालं. प्लास्टर माणसाच्या छातीत गेलं तर काय, हे पर्यावरणवाल्यांनी विचारलं नाही आणि आपणही काढलं नाही. आपण का काढलं नाही ते आपल्याला माहीत आहे. बंदी मागणाऱ्यांच्या हातात आणखी एक काठी कशाला द्या!

पण गंमत अशी की ती काठी त्यांच्या कामाची नव्हतीच. प्लास्टर म्हणजे भाजलेला जिप्सम. त्याची धूळ घसा खवखवते, डोळे चुरचुरवते, ज्याला दमा आहे त्याला हैराण करते. शाडूची जात वेगळी. ओली असेपर्यंत ती बिचारी निरुपद्रवी. सुकली आणि आपण तिला घासली की तिच्यातल्या गारेचा, म्हणजे सिलिकाचा, चुरा हवेत उडतो. जो दिसतो तो नाकात-घशात अडकतो आणि खोकून, शिंकरून निघतो. जो दिसत नाही तो फुफ्फुसात खोल जातो आणि तिथेच बसतो. वर्षानुवर्षं साठला की सिलिकोसिस होतो, त्यावर औषध नाही, आणि अशा छातीत टीबीही लवकर शिरतो. गुजरातेत खंभातला अकीक दगड घासून मणी बनवणारे कारागीर यातच खचले. आपल्यासारखाच घराघरांत चालणारा धंदा. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या कारागिरांच्या छात्या तपासल्या आहेत. मध्य प्रदेशात मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्यांचं तेच झालं. आपली माती अकीकाइतकी जहाल नाही, उगाच कुणाला घाबरवायचं नाही. पण 'इको फ्रेंडली' ही पाटी पाण्यासाठी आहे, सुकी शाडू घासणाऱ्या बाईसाठी नाही, एवढं लक्षात ठेवू या.

धुळीवरचा उपाय आपल्या आयांना माहीत होता. अंगण झाडायच्या आधी सडा घालायचा. कारखान्यात मात्र आपण सकाळी कोरडा खराटा फिरवतो आणि रात्रभर खाली बसलेली धूळ पुन्हा उठवतो, तीही बायका-पोरं कामाला बसायच्या ऐन वेळी. मी आता आदल्या संध्याकाळीच पाणी शिंपडून झाडायला लावतो. मूर्ती साच्यातून निघाली की तिच्या अंगात ओल असते, तेव्हाच जोड खरवडून घेतले तर निम्मं पॉलिश तिथेच संपतं आणि जे पडतं ते लगद्यासारखं पडतं, उडत नाही. उरलेल्या कामाला पाण्यात बुडवून वापरायचा पेपर घ्या. ओल्या पेपरने फिनिशिंग येत नाही म्हणणाऱ्यांनी माझ्याकडे येऊन बघावं. वेळ थोडा जास्त लागतो हे मान्य आहे, त्यावर पुढे बोलतो.

आणखी एक खोड आपल्या सगळ्यांच्या शेडमध्ये आहे. संध्याकाळी घरी जाताना पोरं कंप्रेसरच्या पाइपने अंगावरची धूळ उडवतात. एकमेकांच्या केसांत मारतात, हसतात. मीही केलंय. त्या हवेच्या जोरात एखादा कण डोळ्यात गेला तर बुबुळ फाटेल, कानाजवळ धरली तर पडदा जाईल, आणि धूळ तर जाते कुठे? शेडमध्येच. ओलं फडकं आणि बाहेर एक नळ, एवढ्यात हे काम भागतं.

स्प्रेचं प्रकरण धुळीपेक्षा वाईट, कारण तिथे आपल्याला वाटतं की आपण काळजी घेतली. माझ्याकडे पंधरा वर्षं एक्झॉस्ट पंखा होता. भिंतीत वर, स्प्रे मारणाऱ्याच्या मागे. बसवला तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. गणपती झाल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याने, आता तो मुंबईत मोठ्या पेंट शॉपमध्ये आहे, एक उदबत्ती पेटवून मूर्तीच्या जागी धरली आणि पंखा सुरू केला. धूर मूर्तीपासून निघाला, स्प्रेवाल्याच्या तोंडावरून गेला, मग पंख्यात. म्हणजे पंधरा वर्षं मी वीज जाळून रंगाचा फवारा माणसाच्या नाकातून ओढत होतो.

आता पंखा समोर आहे, मूर्तीच्या मागे, तिच्याच उंचीवर. हवा कारागिराच्या पाठीकडून येते, मूर्तीला वळसा घालून पंख्यात जाते. मूर्ती फिरत्या पाटावर ठेवतो, म्हणजे माणसाला फवाऱ्याच्या पलीकडे जायची वेळच येत नाही, मूर्तीच वळते. पावसात तिन्ही बाजूंना ताडपत्री सोडतो तशी स्प्रेच्या कोपऱ्यात सोडत नाही. कोंडलेल्या हवेत पंखा तरी काय ओढणार? तुमच्या शेडमध्ये उदबत्ती लावून बघा. थिनरचे डबे बाहेर काढून, स्प्रे बंद असताना, हे सांगायला नको.

मास्कबद्दल आपल्यात भलताच घोळ आहे. रुमालाने बारीक धूळ अडत नाही. करोनातला निळा मास्कही कामाचा नाही, कडांतून हवा शिरते. धुळीला एन-९५ चालतो, पण तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे, आणि दाढी वाढलेली असेल तर तो बसत नाही. श्रावण पाळणाऱ्यांनी याचं काय करायचं ते आपापसात ठरवावं, मी त्यात पडत नाही. थिनरच्या वाफेला मात्र तोच एन-९५ काहीही करत नाही. वाफ त्यातून आरपार जाते. तिला कोळशाची डबी लावलेला रबरी मास्क लागतो, आणि ती डबीही भरते. मास्क घातलेला असताना थिनरचा वास यायला लागला तर डबी संपली समजा. संध्याकाळी डोकं जड होणं, मळमळणं, उगाच चिडचिड होणं याला आपण 'रंग चढला' म्हणतो आणि पोरं हसण्यावारी नेतात. टोल्युइन, झायलीन ही थिनरमधली द्रव्यं मेंदूवर चढतात, म्हणून ते होतं.

रंगांचं सांगायचं तर आपल्या धंद्यात विषारी रंग नवे नाहीत. जुने लोक हिंगूळ आणि हरताळ वापरायचे. एकात पारा, दुसऱ्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक. पोथीतली चुकलेली ओळ पिवळ्या हरताळाने झाकत, त्यावरून 'हरताळ फासणे' हा शब्द आला, असं मास्तर सांगत. आज तो शब्द राहिला आणि रंग गेला, बरं झालं. पण त्याच्या जागी आलेल्या भडक पिवळ्या-केशरी भुकटीत काय असतं? घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखात ९० भागांच्या वर नसावं असा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. डब्यावर तसं छापलेलं असतं. पिशवीतून सुट्या मिळणाऱ्या भुकटीवर काहीच छापलेलं नसतं. मी ती घ्यायची बंद केली. दुकानदार म्हणाला, "शेठ, तुम्हीच पहिले हो असं विचारणारे." दुसरे तुम्ही व्हा, तिसऱ्याला तो स्वतःहून डबा दाखवेल.

आणि आखणीवाल्यांना हात जोडून विनंती. कुंचल्याचं टोक ओठांनी करू नका. आपल्याकडचे सगळ्यात हुशार हात हेच करतात. डोळा काढायच्या आधी ब्रश ओठातून फिरवायचा, ती त्यांची लकबच असते आणि शिकणारी पोरं आधी ती लकब उचलतात, डोळा नंतर. ओल्या स्पंजवर टोक तितकंच बारीक होतं. तसंच जेवायच्या आधी साबणाने हात धुणं. रंगाच्या हाताने वडापाव खाणं हा आपला राष्ट्रीय कार्यक्रम आहे, तो थांबला पाहिजे.

प्लास्टर तापतं हे आपण जाणतो, पण किती तापतं ते विसरतो. भाजताना त्याचं पाणी उडवलेलं असतं, ते पाणी परत घेताना ते उष्णता सोडतं, आणि जाड थर असेल तर साठ अंशांच्या पुढे जातं. २००७ साली इंग्लंडमध्ये लिंकनशायरच्या एका शाळेत सोळा वर्षांच्या मुलीने हाताचा साचा काढायला म्हणून बादलीभर प्लास्टरमध्ये दोन्ही हात घातले. ते घट्ट झालं, हात निघेनात, आणि पुढे तिची बहुतेक सगळी बोटं कापावी लागली. हल्ली शिबिरांच्या नावाने शाळेची मुलं आपल्याकडे येतात, बाळाच्या पावलांचे ठसे घ्यायचीही टूम निघाली आहे. त्यासाठी दुसरं साहित्य मिळतं. प्लास्टरच्या गोळ्यात कुणाचाही हात-पाय घालू देऊ नका, हौसेनेसुद्धा नाही.

फायबरचं काम करणाऱ्यांना एकच गोष्ट सांगतो, बाकीचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. कोबाल्ट आणि हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करायला घालायची दोन द्रव्यं, एकत्र ओतायची नाहीत. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. दोघांची थेट गाठ पडली तर भडका उडतो. दोन्ही बाटल्या एकाच फळीवर ठेवायच्या नाहीत, बिसलेरीच्या बाटलीत तर मुळीच नाही. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा घालायचा, आणि गेलाच तर वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धरून थेट डॉक्टर. आधी फोन करत बसू नका.

आगीचं लांबवत नाही. पावसात मूर्ती सुकवायला हॅलोजन लावतो, बाजूला पॉलिथिन, वर ताडपत्री, खाली काथ्या आणि कोपऱ्यात थिनर. हे वाचूनच तुम्हाला कळलं असेल.

आता वेळेचं आणि पैशाचं, कारण गाडी तिथेच अडते. आपण मजुरी नगावर देतो. मास्क लावला की गुदमरतं, हात मंदावतो, दिवसाचे नग कमी होतात. ओला पेपर वापरला तरी तेच. म्हणजे स्वतःची छाती वाचवण्याचा खर्च कारागीर आपल्या मजुरीतून भरतो, आणि आपण वर म्हणतो, "दिला होता मास्क, घालतच नाहीत." मीही बावीस वर्षं हेच म्हणत होतो. या हंगामापासून ओल्या पॉलिशचा दर मी नगामागे वाढवला आहे आणि संध्याकाळची शेवटची वीस मिनिटं धुण्या-झाडण्याची, त्याचे पैसे वेगळे. माझा माल थोडा महाग पडणार. शेजारची शेड जुन्याच दराने विकणार असेल तर दोन वर्षांत माझं शटर खाली येईल. म्हणून हे पत्र तुम्हाला आहे, सरकारला नाही.

सरकारला लिहून उपयोगही नव्हता. अख्खा रायगड जिल्हा आपल्या शेडला गणपतीचा कारखाना म्हणतो, पण कायदा म्हणत नाही. पूर्वी वीज वापरणाऱ्या शेडमध्ये दहा माणसं असली की कारखाना व्हायचा. महाराष्ट्राने २०१५ मध्ये तो आकडा वीसवर नेला, आणि विजेशिवाय चालणाऱ्यांसाठी चाळीसवर. आपल्यातल्या कितीजणांकडे ऐन हंगामातही वीस माणसं असतात? इन्स्पेक्टर आपल्या दारात यायचा नाही, हे आपल्या पथ्यावर पडलं असं वाटायचं मला. शाळकरी पोरांचं मात्र लक्षात ठेवा, घरच्या धंद्यात मुलाने मदत करायची सूट आहे, पण धोक्याच्या कामांना ती लागू नाही. स्प्रेच्या कोपऱ्यात आणि सुक्या पॉलिशला अठराच्या आतलं कुणी नको, स्वतःचा मुलगा असला तरी.

घरोघरी पॉलिशला माल देणं ही आपली दुसरी दुखती जागा. तिथे शेड नाही, पंखा नाही, एकाच खोलीत बाई घासतेय, चुलीवर भात आहे आणि झोळीत तान्हं मूल आहे. त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. सुकं पॉलिश आणि रंग घरी द्यायचा नाही, फक्त ओलं काम, खडे-दागिने चिकटवणं आणि पॅकिंग द्यायचं, इथपर्यंत मी आलोय. एका बाईने विचारलं, "मग माझे निम्मे पैसे गेले की, दादा?" तिला शेडमध्ये बोलावलं, ती मुलाला घेऊन येते, आणि मुलाला कुठे ठेवायचं हा नवा प्रश्न आता माझ्यापुढे आहे.

माझं मागणं एवढंच की पौष संपायच्या आत एकदा सगळे बसू. ओल्या कामाचा दर सगळ्यांचा एक ठरवू. मास्क आणि कोळशाच्या डब्या एकत्र मागवू, एकट्याला परवडत नाहीत. वर्षातून एकदा सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावून कारागिरांच्या छातीची तपासणी करून घेऊ आणि केसपेपरवर धंदा काय ते लिहायला लावू. ज्या मंडळांना आपण मोठ्या मूर्ती देतो त्यांच्या बिलात याचे पैसे उघडपणे लावू. मुकुटाच्या खड्यांसाठी ते घासाघीस करत नाहीत, तर यासाठीही करणार नाहीत असा माझा अंदाज आहे. चुकीचा निघाला तर तेव्हा बघू.

तो एकोणीस वर्षांचा पोरगा अजून माझ्याकडेच आहे. परवा मास्क घालून बसला होता, मधेच काढला. मी बघतोय म्हटल्यावर म्हणाला, "शेठ, यात घाम लय येतो." खरं आहे, येतो. मी दोन तास घालून बघितला. आता दर तासाला दहा मिनिटं त्याला बाहेर ओट्यावर बसायला सांगितलंय.

पंखा कसा बसवलाय ते ज्यांना बघायचं असेल त्यांनी रविवारी दुपारनंतर या. त्या दिवशी स्प्रे बंद असतो, मास्क लागणार नाही. उदबत्ती मी आणून ठेवतो.

आपला,
तुमच्यातलाच एक कारखानदार